काजाच्या टाक्यातून उमललेली पाकळी

शर्टाच्या काजाकडे आपण सहसा निरखून पाहत नाही. कापडाला चीर दिली, की तिच्या कडा उसवू नयेत म्हणून भोवती दाट टाके घालायचे, प्रत्येक टाक्याच्या फासातून सुई बाहेर ओढायची आणि कडेला दोऱ्याची एक बारीक, टणक वेणी उभी करायची, एवढेच त्या टाक्याचे प्रयोजन. आज हे काम बहुतांशी यंत्रावर होते. मात्र हाच साधा टाका कापडाची कड सोडून मोकळ्या जागेत घालता येतो आणि तसा तो घालत गेल्यास त्यातून नवे कापडच जन्माला येते, ही गोष्ट भरतकाम करणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सुखवस्तू घरांतील लहान वयाच्या मुली या टाक्याने गुलाबाच्या पाकळ्या, वाटाण्याच्या शेंगा, फुलपाखरांचे पंख आणि राजाच्या गळ्यातील जाळीदार कॉलर विणत. मग हे इवलेसे भाग पांढऱ्या साटीनवर अशा रीतीने बसवले जात, की ते चित्रातून बाहेर डोकावत आहेत असा भास व्हावा.

उठावाच्या या भरतकामाला आज ‘स्टंपवर्क’ या नावाने ओळखले जाते. हे नाव एकोणिसाव्या शतकातले. प्रत्यक्ष ज्या काळात ते बहरात होते, त्या काळात त्याला केवळ ‘उठावाचे काम’ म्हणत. लोकर, घोड्याचे केस, कापडाचे थर यांचे भरण घालून आकृती उचलून घ्यायची, मोती, टिकल्या, पोवळी, अभ्रकाचे तुकडे यांनी ती सजवायची, असा या कामाचा एकूण थाट. परंतु त्याचा खरा प्राण म्हणजे सुईने विणलेल्या लेसचे सुटे भाग. हे भाग नेमके कसे तयार होतात, त्यांत कौशल्य कुठे लागते आणि मध्यंतरी विस्मृतीत गेलेले हे तंत्र पुन्हा हाती कसे आले, याचा हा धांडोळा.

लेस, पण क्रोशाची नव्हे

लेस म्हटले, की आपल्याकडे बहुधा क्रोशाची लेस डोळ्यांसमोर येते. क्रोशात आकडीच्या साहाय्याने एका फासातून दुसरा फास ओढला जातो. शेवटचा फास सुटला, तर सारे विणकाम सरसर उसवते. युरोपात रूढ असलेला दुसरा प्रकार म्हणजे बॉबिन लेस. तिच्यात अनेक दोरे छोट्या लाकडी रिळांवर गुंडाळून, उशीवर टाचण्या रोवून, एकमेकांत गुंफले जातात. सुईची लेस या दोहोंपेक्षा वेगळी. तिला लागतात एक सुई आणि एक दोरा. प्रत्येक टाक्याला दोरा संपूर्ण ओढून घ्यावा लागत असल्याने टाका आपल्या जागी घट्ट बसतो आणि ओढताक्षणी उसवत नाही. अर्थात, याच गुणाची दुसरी बाजू अशी, की चूक झाली तर मागे फिरणेही तितकेच कष्टाचे असते. एकेक टाका सुईने सोडवावा लागतो, नाही तर दोरा कापून पुन्हा सुरुवात करावी लागते.

या लेसचा उगम इटलीत, विशेषतः व्हेनिसच्या परिसरात झाला. प्रारंभी तागाच्या कापडातील दोरे कापून, ओढून काढून चौकोनी खिडक्या पाडल्या जात आणि त्या काज-टाक्यांच्या नक्षीने भरल्या जात. पुढे सोळाव्या शतकात कारागिरांनी कापडालाच रजा दिली. नुसत्या दोऱ्यांच्या रेषांवर टाके उभे राहू लागले. या प्रकाराला इटालियन भाषेत ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेतला टाका’ असे मोठे समर्पक नाव पडले. व्हेनिसच्या लेसवर फ्रान्सचा इतका पैसा खर्च होऊ लागला, की चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये राजाश्रयाने देशातच लेसचे कारखाने सुरू केले. फ्रान्समधील अलाँसाँ या गावी सुईच्या लेसची परंपरा टिकून राहिली आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. युनेस्कोच्या नोंदीनुसार, या लेसच्या एका चौरस सेंटीमीटरला सात तास लागतात आणि ती पूर्णपणे आत्मसात करण्यासाठी सात ते दहा वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. उठावाच्या भरतकामातील लेस एवढी अतिसूक्ष्म नसते, पण तिचे कूळ मात्र हेच.

सुईची पाठशाळा

सतराव्या शतकात इंग्लंडमधील सधन घरांतील मुलींच्या शिक्षणात सुईकामाला मानाचे स्थान होते. त्याचा एक ठरलेला क्रम असे. प्रथम रंगीत रेशमाचा नमुनापट, मग पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचा, कापकामाचा आणि सुईच्या लेसचा नमुनापट, आणि हे जमले की भरतकामाने मढवलेली पेटी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मार्था एडलिन या मुलीचे काम आहे. तिचा जन्म १६६० चा. तिचा रंगीत नमुनापट १६६८ चा, पांढरा १६६९ चा आणि पेटी १६७१ ची. म्हणजे आठव्या वर्षी सुरू झालेला हा अभ्यासक्रम अकराव्या वर्षी पेटीपर्यंत पोहोचला होता. या वस्तू तिच्या घराण्यातील लेकी-सुनांनी तीनशेहून अधिक वर्षे जपल्या, म्हणूनच त्या आज आपल्याला पाहता येतात.

मँचेस्टरच्या व्हिटवर्थ आर्ट गॅलरीत हॅना स्मिथ या मुलीची पेटी आहे. तिच्यासोबत हॅनाने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठीही सापडली. आपण १६५४ मध्ये ऑक्सफर्डला गेलो, तेव्हा आपले वय जवळजवळ बारा होते, तिथे पेटीचे भरतकाम पूर्ण केले आणि १६५६ मध्ये लंडनला पेटी बांधून झाली, अशा आशयाचा मजकूर तिने लिहून ठेवला आहे. पुढे आपल्याला हा काळ आठवेनासा झाला तर हा कागद पाहता यावा, हा त्यामागील हेतू. अशा बहुसंख्य पेट्यांवर आणि चित्रांवर करणारीचे नाव नसते. त्यामुळे ही चिठ्ठी अभ्यासकांना मोलाची वाटते.

या मुली चित्र स्वतः काढत असतच असे नाही. पांढऱ्या साटीनवर व्यावसायिक रेखाटनकार शाईने आकृती काढून देत. त्यासाठी छापील चित्रांचा आधार घेतला जाई. लंडनमधील पीटर स्टेंटसारखे चित्रविक्रेते प्राणी, पक्षी, फुले, किडे यांची छापील पाने विकत. साहजिकच वेगवेगळ्या पानांवरून उचललेल्या आकृत्या एकाच चित्रात शेजारी-शेजारी येत आणि घराएवढा सुरवंट, सिंहाएवढे फूल असे गमतीदार प्रमाण दिसे. भरतकाम पूर्ण झाले, की ते तुकडे पेटी बांधणाऱ्या कारागिराकडे पाठवले जात.

मुंबई आंदण देणारी राणी

या चित्रांचे विषय प्रामुख्याने बायबलच्या जुन्या करारातील असत. राजा शलमोनाचा न्याय, अब्राहाम आणि हागार, राजापुढे निर्भयपणे उभी राहणारी राणी एस्तेर, अशा कथा पुन्हा पुन्हा आढळतात. त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली, तर राजा आणि न्याय यांचे हे आकर्षण समजू शकते. १६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला. अकरा वर्षे देश राजाविना चालला आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला. उठावाच्या भरतकामाचा बहराचा काळ साधारण १६५० ते १६८० असा मानला जातो. म्हणजे या साऱ्या उलथापालथीत घरोघरी मुली राजा-राणीच्या आकृत्या भरत होत्या.

मुंबईकरांना यातील एक धागा जवळचा वाटेल. यांपैकी अनेक चित्रांतील राजा-राणी म्हणजे दुसरा चार्ल्स आणि त्याची पोर्तुगीज पत्नी ब्रगांझाची कॅथरिन असावी, असे अभ्यासक मानतात. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने याच कॅथरिनबरोबर मुंबई बेट आंदण दिले. १६६५ मध्ये इंग्रजांनी त्याचा ताबा घेतला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. ज्या विवाहाने आपल्या शहराचा इतिहास बदलला, त्यातील वधूवर तिकडे साटीनवर लेसच्या कॉलरी लेवून उभे होते.

आता तंत्राकडे वळू.

आधी आधार, मग रेषा

सुईच्या लेसचा सुटा भाग तयार करताना पहिली गरज असते ती तात्पुरत्या आधाराची. आज रूढ असलेली पद्धत अशी. पाकळी, पान किंवा पंख यांची आकृती ट्रेसिंग पेपरवर काढावी. मांजरपाटाच्या दोन घड्या एकावर एक ठेवून त्यांवर हा कागद ठेवावा. वरून पारदर्शक किंवा फिक्या निळ्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावावा, म्हणजे सुई कागदात अडकत नाही आणि डोळ्यांनाही त्रास होत नाही. हे सारे थर कडेने धावदोरा घालून एकत्र बांधावेत. मांजरपाट दुहेरी का, याचे उत्तर शेवटच्या टप्प्यात मिळते.

यानंतर येते ती या तंत्रातील सर्वांत महत्त्वाची पायरी, आधाररेषा. ज्या रंगाची लेस करायची, त्याच रंगाचा दोरा दुहेरी करून आकृतीच्या रेषेवर ठेवावा आणि साध्या शिलाईच्या दोऱ्याने, सुमारे तीन-तीन मिलिमीटर अंतरावर, आडवे टाके घालून तो दाबून बसवावा. हे आडवे टाके सर्व थरांतून आरपार गेले पाहिजेत, मात्र आधाररेषेच्या दोऱ्याला सुई भोसकता कामा नये. जिथे सुरुवात केली तिथे दुहेरी दोऱ्याचा वळसा मोकळा ठेवावा आणि रेषा पूर्ण फिरून आली, की दोऱ्याची टोके त्या वळशातून ओवून मागे वळवावीत. त्यामुळे रेषेचे वर्तुळ कुठेही तुटत नाही.

या पायरीवर एवढा भर देण्याचे कारण उघड आहे. पुढील प्रत्येक टाका कापडावर नव्हे, तर या रेषेवर टांगलेला असणार आहे. कापड निघून गेल्यावर आकाराला धरून ठेवणारे तेवढेच एक असते. रेषा ढिली राहिली, तर आतील टाके कितीही सुबक असोत, सुटी झालेली पाकळी चुरगळते. म्हणूनच जाणकार भरण्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वेळ रेषेला देतात.

टाक्यांच्या रांगा

भरण्यासाठी सुई बोथट टोकाची घ्यावी, म्हणजे ती दोऱ्यांच्या पदरांत शिरत नाही. आपल्याकडील सहा पदरी लच्छीतील एक किंवा दोन पदर नवशिक्यांना पुरेसे असतात. सरावलेले लोक रेशीम वापरतात. रेशमाला चकाकी असते, पण ते हातातून निसटते.

आकृतीच्या वरच्या रेषेपासून प्रारंभ करावा. डावीकडून उजवीकडे जात, आधाररेषेखालून सुई घालून, फासातून बाहेर काढत काज-टाक्यांची पहिली रांग घालावी. सुई फक्त रेषेखालून जाते, प्लॅस्टिकला किंवा कापडाला शिवत नाही. रांग संपली, की बाजूच्या आधाररेषेला दोरा एक-दोनदा गुंडाळून खाली उतरावे. पुढील रांगेचे टाके पहिल्या रांगेतील दोन टाक्यांमधल्या फासांत अडकवावेत. अशा रीतीने रांगेखाली रांग येत जाते आणि शेवटच्या रांगेचे फास खालच्या आधाररेषेला बांधले जातात. आकृती रुंद होऊ लागली, तर रांगेच्या टोकाला टाका वाढवायचा आणि निमुळती झाली, तर कमी करायचा.

याच मूळ क्रियेतून निरनिराळे पोत साधले जातात. टाके विरळ ठेवल्यास पारदर्शक, हवेशीर जाळी मिळते. कीटकांच्या पंखांना ती शोभून दिसते. दोन टाके जवळ आणि मग थोडी जागा, असा क्रम ठेवला, तर उभ्या नक्षीचा भास होतो. कॉलर, झालर, पडदे यांना तो साजतो. पाकळ्या, पाने, पोशाख यांना मात्र घट्ट वीण लागते. त्यासाठी एक रांग पूर्ण झाली, की दोरा सरळ मागे आणून आडवा ताणायचा आणि पुढच्या रांगेतील प्रत्येक टाक्यात वरचा फास व हा आडवा दोरा, दोन्ही एकदम पकडायचे. आडव्या दोऱ्यामुळे वीण दाट होते, जवळजवळ विणलेल्या कापडासारखी दिसते आणि रांगा सरळ राहतात. सुट्या भागांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी वीण हीच.

दोऱ्याचा हिशेब हा वेगळाच विषय आहे. नवा दोरा केवळ रांगेच्या टोकाला, आधाररेषेपाशीच जोडता येतो. मध्येच जोडला, तर गाठ उघड दिसते. त्यामुळे रांग सुरू करण्यापूर्वी सुईत उरलेला दोरा रांगेच्या रुंदीच्या किमान चौपट आहे ना, हे पाहावे. या कामाला वेळ किती लागतो, याचा अंदाज साध्या गणितानेही येतो. एका सेंटीमीटरमध्ये आठ टाके आणि आठ रांगा धरल्या, तर चौरस सेंटीमीटरला चौसष्ट टाके होतात. तीन चौरस सेंटीमीटरची एक पाकळी म्हणजे सुमारे १९० टाके, आणि पाच पाकळ्यांचे एक फूल म्हणजे साडेनऊशेहून अधिक. पेटीवर अशी कित्येक फुले असत.

काठ आणि सुटका

आतील भरण पूर्ण झाल्यावर आधाररेषेवर पुन्हा दाट काज-टाका घालून काठ बांधला जातो. काठाखाली एक-दोन दोरे अधिक ठेवले, तर तो उठून दिसतो आणि आकाराला बळकटी येते. पाकळी वाकवायची असेल किंवा पंख हवेत उचलून धरायचे असतील, तर येथे बारीक तार घातली जाते. सतराव्या शतकात तारेवर रेशीम गुंडाळत. आज कृत्रिम फुले करणारे वापरतात ती कागद गुंडाळलेली बारीक तारही चालते. तारेची दोन्ही टोके शेपटासारखी लांब सोडावीत, कारण पुढे तीच पाकळीची मुळे होतात.

आता दुहेरी मांजरपाटाचे रहस्य उलगडते. कडेचा धावदोरा काढून कापडाच्या दोन घड्या हलकेच एकमेकींपासून दूर कराव्यात. आधाररेषा धरून ठेवणारे आडवे टाके मधोमध ताणलेले दिसतात. कात्रीच्या टोकाने ते एकेक कापत जावे. शेवटचा टाका कापला, की लेस आपोआप सुटी होऊन हातात येते. उरलेले धाग्यांचे तुकडे चिमट्याने काढून टाकावेत. लेसला कात्री लागू नये म्हणून कापण्याची क्रिया दोन घड्यांच्या आत होते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

बाजारात ‘केमिकल लेस’ नावाने मिळणाऱ्या यंत्रनिर्मित लेसचे तत्त्वही काहीसे असेच आहे. यंत्र एका तात्पुरत्या कापडावर भरतकाम करते आणि नंतर ते कापड विरघळवून टाकले जाते. आधार द्यायचा आणि काम झाल्यावर काढून घ्यायचा, ही कल्पना समान असली, तरी यंत्राच्या लेसमध्ये दोरे एकमेकांवर शिवलेले असतात. सुईच्या लेसमध्ये प्रत्येक फास मागच्या फासात अडकलेला असतो. भिंगाखाली हा फरक चटकन लक्षात येतो.

उठाव येतो कसा

सुटी झालेली लेस साटीनवर नुसती शिवली, तर ती सपाटच दिसेल. त्यासाठी आधी खाली फेल्टचे थर बसवतात. सर्वांत लहान तुकडा तळाशी, त्यावर मोठा आणि सर्वांत वर पूर्ण आकाराचा, असा क्रम ठेवल्यास घुमटाकार गोलाई मिळते. या उंचवट्यावर पसरायची असल्यामुळे लेस मूळ आकृतीपेक्षा किंचित मोठी विणावी लागते. हे न सांभाळल्यास बाही हाताला तोकडी पडावी, तशी लेस कडेपर्यंत पोहोचत नाही. लेस काठाकडून न दिसणाऱ्या बारीक टाक्यांनी बसवली जाते.

तार घातलेल्या पाकळीची रीत निराळी. साटीनला जाड सुईने भोक पाडून तारेची शेपटे मागे नेतात, वाकवतात आणि मागील बाजूस टाके घालून पक्की करतात. पाकळीचा बाकीचा भाग मोकळा राहतो. बोटाने हलका बाक दिला, की तिची सावली साटीनवर पडते आणि तेवढ्याने चित्र जिवंत होते.

सुटा भाग न करता थेट कापडावरही हे काम करता येते. कापडावर उलट टीप किंवा साखळी टाक्याने आकृतीची रेषा शिवायची आणि त्या रेषेलाच आधार मानून आतील काज-टाके घालायचे. सुई आत कुठेही कापडात जात नाही. त्यामुळे वर लेसची त्वचा आणि खाली कापूस भरायला पोकळी, अशी रचना होते. स्ट्रॉबेरी, ओकची बोंडे अशा फळांना ही पद्धत सोयीची. ती उठावाच्या चित्रांच्याही आधीची आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील मार्गारेट लेटन हिच्या जाकिटावर, जे १६१० ते १६१५ च्या सुमाराचे आहे, रेषेवर आधारलेला असा काज-टाका आढळतो. तेच जाकीट घातलेले तिचे तैलचित्रही संग्रहालयात आहे.

आपल्याकडील जरदोसीशी या कामाची तुलना होणे स्वाभाविक आहे. जरदोसीतही खाली सुताचे भरण घालून वर दबका, सलमा बसवतात. तिथे उठाव आणि श्रीमंती दोन्ही असतात, पण काम अखेरपर्यंत कापडाला चिकटून राहते. सुईच्या लेसची पाकळी मात्र कापडाला केवळ एका टोकाशी धरते.

चुका कुठे होतात

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे टाका ओढून घट्ट करणे. आधाररेषा कापडाला बांधलेली असेपर्यंत सारे ठीक दिसते. पण लेस सुटी होताच ताणलेल्या रांगा आकसतात आणि पानाला मध्येच कंबर येते. दुसरी चूक म्हणजे आडव्या टाक्यांच्या दोऱ्यात सुई अडकणे. तसे झाल्यास सोडवणुकीच्या वेळी लेससोबत तेही ओढले जातात. तिसरी चूक टाक्यांची संख्या न मोजणे. प्रत्येक रांगेत एक-एक टाका नकळत वाढला, तर सरळ कॉलर बघता बघता पंख्यासारखी पसरते. सुरुवात करणाऱ्यांनी म्हणूनच फूल किंवा मानवी आकृतीच्या मागे न लागता, दोन सेंटीमीटरचे एक साधे पान करून पाहावे, असे शिकवणारे सांगतात. मांजरपाट, ट्रेसिंग पेपर, लच्छी आणि बोथट सुई एवढ्या साहित्यात ते होते.

विस्मृती आणि पुनर्शोध

सतराव्या शतकाच्या अखेरीस अभिरुची बदलली आणि उठावाचे भरतकाम मागे पडले. मुलींच्या शिक्षणक्रमातून ते गेले, शिकवणाऱ्या हातांची साखळी तुटली. पेट्या घराघरांत राहिल्या, पण त्यांतील टाके कसे घालायचे हे सांगणारे कोणी उरले नाही. ज्यांनी या वस्तू केल्या, त्यांनी कृतीचे टिपण लिहून ठेवण्याची प्रथा नव्हती. विद्या हाताकडून हाताकडे जात असे.

विसाव्या शतकात या तंत्राकडे पुन्हा लक्ष वेधले गेले, तेव्हा गुरू म्हणून या जुन्या वस्तूंचाच आधार होता. विशेष म्हणजे, अखंड राहिलेल्या भागांपेक्षा झिजलेल्या, फाटलेल्या जागांनी अधिक शिकवले. लेस निसटून गेली, तिथे खालचे भरण दिसले. भरणही गळाले, तिथे साटीनवरील शाईची रेषा उघडी पडली. कोणता थर आधी आणि कोणता नंतर, हे अशा जागांवरून उमगते. १८७२ मध्ये स्थापन झालेली आणि १९८७ पासून लंडनजवळील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात असलेली रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क ही संस्था उठावाच्या भरतकामाचे शिक्षण देते. १९९० च्या दशकात ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील भरतकाम-शिक्षिकांच्या सचित्र पुस्तकांनी ते घराघरांत पोहोचवले. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या जेन निकोलस यांचे नाव आवर्जून घेतले जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथील संग्रहालयाने २००७ मध्ये सतराव्या शतकातील पद्धतीचे एक भरतकाम केलेले जाकीट नव्याने तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा ठिकठिकाणच्या भरतकाम करणाऱ्यांनी त्यासाठी आपले हात दिले.

मूळ वस्तूंचे आयुष्य मात्र दिवसेंदिवस नाजूक होत चालले आहे. बाहेर आलेली पाकळीच धूळ आधी पकडते, तिलाच आधी धक्का लागतो आणि काचेच्या चौकटीत दाबली जाते तीही तीच. प्रकाशाने रेशमाचे रंग उडतात, म्हणून संग्रहालये अशा वस्तू ५० लक्सच्या आसपास, म्हणजे बऱ्याच मंद उजेडात ठेवतात. पेटीच्या बाहेरचा हिरवा रंग निळसर पडलेला असतो आणि दार उघडल्यावर, उजेड न लागलेल्या आतल्या बाजूला, तो कालच भरल्यासारखा टवटवीत आढळतो. कारण त्या काळी हिरवा रंग पिवळ्या व निळ्या रंगांच्या मिश्रणातून साधला जाई आणि त्यातील पिवळा आधी उडतो.

वस्तू अशी हळूहळू विरत असताना ती टिकवण्याचा एक मार्ग संग्रहालयाकडे आहे आणि दुसरा शिकणाऱ्यांकडे. काचेमागची पेटी आकार जपते, पण टाका कसा पडतो हे ज्ञान हातातच राहते. एकदा ते हातातून निसटले, तर परत मिळवायला दोनशे वर्षे लागू शकतात, हे या कलेच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. शर्टाच्या काजाला पडणारा तोच टाका कोणी दोन सेंटीमीटरच्या पानासाठी एकदा घालून पाहिला आणि पुढे आणखी एकीला शिकवला, तर ती साखळी तेवढी एका कडीने लांबते.